‘सब्र कर’ म्हणणारे यंत्र

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या नानीचा इंतकाल झाला. चार दिवसांनी ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत आम्ही तिला जवळ बसवून विचारले, “बेटा, घरी कुणाशी बोललीस का?” ती म्हणाली, “मोबाईलशी बोलले, टीचर. अम्मी स्वतःच रडत असते, तिला काय सांगू?” मोबाईलचे उत्तर तिने वहीत उतरवून घेतले होते: ‘तुझे दुःख मी समजू शकतो. सब्र कर.’

आम्ही गप्प झालो. आम्ही तरी याहून वेगळे काय बोललो असतो? मग यंत्राला खरेच दुःख समजते का?

हा प्रश्न जुना आहे. यंत्र विचार करू शकते का, यावर इंग्लंडचे गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दुसऱ्याच्या मनात आपल्याला डोकावता येत नाही, बोलण्या-वागण्यावरूनच आपण त्याला ओळखतो. मग यंत्राची उत्तरे माणसाच्या उत्तरांपासून वेगळी ओळखता आली नाहीत, तर त्याला वेगळा न्याय का लावायचा?

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा बोलका प्रोग्रॅम तयार केला. त्याला कळत काहीच नव्हते. कुणी आईचा उल्लेख केला, की तो घरच्या माणसांविषयी आणखी सांगायला सुचवी, बस्स. तरीही वायझेनबाउम यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात त्यांना म्हणाली, “आपण जरा बाहेर जाता का?” हा प्रोग्रॅम तयार होताना तिने कित्येक महिने पाहिला होता! वायझेनबाउम हादरले. पुढे १९७६ साली त्यांनी पुस्तकच लिहिले. जिथे माणसाची माया आणि शहाणपण लागते, ती कामे यंत्राकडे सोपवू नयेत, असे त्यांनी त्यात बजावले.

आजची यंत्रे एलायझापेक्षा फार पुढे गेली आहेत. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना शिकवलेला असतो. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यावा, हे त्यातून ती शिकतात. यालाच समजणे म्हणावे का, यावर विद्वानांत अजून वाद आहे. तो आम्ही काय मिटवणार! पण वर्गात रोज दिसणारी एक गोष्ट सांगतो.

उर्दूच्या पेपरात ‘सब्र’चा अर्थ विचारला, की मुले ‘धीर’ लिहितात आणि आम्ही मार्क देतो. या मुलीनेही तो मिळवला होता. पण त्या शब्दाचा खरा अर्थ तिला नानीची रिकामी खाट पाहून कळू लागला. यंत्राकडे ‘सब्र’ हा शब्द आला तो, ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्या लिहिण्यातून. स्वतः त्याने कुणाला गमावलेले नाही. आणखी एक फरक आहे. ताजियतला आलेली शेजारीण दोनच वाक्ये बोलते, कधी तीही चुकतात. पण ती आपली चूल सोडून आलेली असते, तासभर शेजारी बसते, संध्याकाळी डबा पाठवते. ‘तुझे दुःख समजते’ या वाक्याची किंमत ती अशी चुकवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीच्या अम्मीला बोलावले. वहीतले वाचून त्या म्हणाल्या, “मला वाटले हिला काहीच वाटत नाही. सारखी मोबाईलमध्येच असते.” इकडे मुलगी अम्मीला त्रास नको म्हणून गप्प, तिकडे अम्मी मुलीला काही वाटत नाही म्हणून गप्प. दोघी आमच्यासमोरच एकमेकींना बिलगून रडल्या.

म्हणून भगिनींनो, मुलांच्या हातून मोबाईल हिसकावण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, “त्याला काय सांगितलेस, बेटा? मलाही सांग.”