हिरवळ पिवळी का पडते?

जानेवारीत मंडळाच्या आवारातील हिरवळ पिवळसर दिसू लागली की सभासदांकडून हमखास एक सूचना येते : माळ्याला पाणी वाढवायला सांगा. बागेची देखरेख आम्हां चार-पाच निवृत्तांकडे असल्याने निरोप आमच्याकडेच पोहोचतो. पण थंडीतल्या पिवळेपणावर पाणी हा उपाय नव्हे. तो का नव्हे, हे गोल्फच्या मैदानावरून चांगले समजते, कारण तिथे गवत राखणे हा पूर्णवेळचा धंदा आहे. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच असे मैदान आहे.

उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर ‘बर्म्युडा’ नावाचे जे गवत सर्रास असते, ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. शेतकरी जी खणून खणून थकतो, तिलाच गोल्फवाले पैसे खर्चून जपतात! साध्या हरळीचा आफ्रिकेतील एका नाजूक जातीशी संकर करून अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी गोल्फसाठी वाण काढले. त्यांतले ‘टिफग्रीन’ १९५६ चे. या संकरित वाणांना उगवणारे बी धरत नाही, ते कांड्या लावूनच वाढवावे लागतात. तेव्हा असल्या वाणाचे ‘बियाणे’ कुणी विकायला आणले तर पाकीट खिशातच ठेवावे.

हरळी उन्हाची लेक. साधारण २७ ते ३५ अंश तापमानात ती जोमाने वाढते. माती १० अंशांच्या आसपास गार झाली की वाढ थांबते आणि पाने रंग सोडतात, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात. दिल्ली-ग्वाल्हेरकडे ती पार तपकिरी होते, आपल्याकडे नुसती मंदावते. या काळात गवत पाणी फार कमी ओढते. जास्तीचे पाणी मुळांशी साचते आणि रोगाला आमंत्रण मिळते. थंड मुलखातले काही गोल्फ क्लब हिवाळ्यापुरते वरून राय गवत पेरून हिरवा रंग टिकवतात. आपल्याला ती हौस परवडणारी नाही.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. रोज थोडे शिंपडले की मुळे वरच्या थरातच रेंगाळतात आणि एक दिवस पाणी चुकले तरी गवत मान टाकते. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कापतानाही एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. गोल्फच्या ग्रीनवर गवत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर ठेवतात, म्हणून तिथे भर दुपारीही हलका फवारा मारून त्याला थंड करावे लागते. त्यांची नक्कल करून हिरवळ गालिच्यासारखी कापायचा आग्रह कृपया कुणी धरू नये.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात. तेव्हा पाणी उदंड, पण ढगांमुळे ऊन कमी, आणि हरळीला सावली सोसत नाही. म्हणून जाणते माळी पावसाळ्यात यंत्राचे पाते थोडे वर घेतात. पान लांब राहिले की मिळेल तेवढा उजेड त्याला धरता येतो. ओल्या जमिनीवर यंत्र फिरवले की माती दबते, हवा कोंडते, बुरशी धरते. यावर गोल्फवाल्यांनी पायापासून उपाय केला आहे. अमेरिकेतील गोल्फ संघटनेच्या प्रसिद्ध शिफारशीत ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. पाणी झरझर खाली उतरते. शिवाय अधूनमधून पोकळ दात्यांनी जमिनीतून मातीच्या वड्या काढून भोकांत वाळू भरतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले. हरळी काही दिवस बुडूनही तगते. तिचा घात होतो तो मागे राहिलेल्या गाळाने, कारण तो सुकला की वर पापुद्रा धरतो आणि खाली हवा जात नाही. म्हणून पूर ओसरताच, गाळ ओला आहे तोवर, तो खरवडून धुऊन काढायचा असतो.

आपल्या हिरवळीखाली काळी माती आहे, वाळू नाही. पावसाळ्यापूर्वी भोके पाडून वाळू भरण्याचा खर्च आम्ही कार्यकारिणीपुढे मांडला आहे. जानेवारीतल्या जादा पाण्याच्या टँकरपेक्षा तो पैसा जास्त कामी येईल, असे आमचे मत आहे.