सहा चवी आणि अर्धा घात

गोदाखोऱ्यात पाथरी लागतं, जुन्या पोथ्यांतलं पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली. १२व्या शतकातल्या त्या ग्रंथात एक प्रश्न आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवींतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेत किती प्रकार होतील?

भास्कराचार्यांची रीत बघा. वर उतरते आकडे लिहायचे: ६, ५, ४, ३, २, १. खाली चढते: १, २, ३, ४, ५, ६. आता भागत-गुणत चला. ६ भागिले १, सहा. त्याला ५ ने गुणून २ ने भागा, पंधरा. मग ४ ने गुणून ३ ने भागा, वीस. पुढे पुन्हा १५, ६, १. एकूण ६३ प्रकार. (१ + क्ष) चा सहावा घात उलगडला की, सुरुवातीच्या १ नंतर, क्ष च्या वाढत्या घातांपुढे नेमके हेच आकडे बसतात. अकरावीतलं द्विपद प्रमेय ते हेच.

युरोपातही हे आकडे पुढे रुळले. मग १६६४-६५ च्या हिवाळ्यात, इंग्लिश गणिती वॉलिसचे ग्रंथ वाचता वाचता, तरुण न्यूटनने पूर्णांकाच्या जागी अपूर्णांक घातला. घात सहा नाही, अर्धा! म्हणजे वर्गमूळच.

रीत तीच ठेवू. अर्ध्यातून एकेक वजा करत जा: १/२, −१/२, −३/२, −५/२... खाली १, २, ३, ४... भागत-गुणत गेलं की मिळतात १/२, −१/८, १/१६, −५/१२८... सहावरून उतरताना शेवटी शून्य येतं आणि मांडणी संपते. अर्ध्यावरून निघालेल्याला शून्य कधी भेटतच नाही, म्हणून ही श्रेढी अनंत चालते. मला गणितात याहून सुंदर जागा फार थोड्या दिसल्या आहेत.

आणि ती नुसती सुंदर नाही, कामाचीही आहे. १० मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्याचा कर्ण किती? १०१ चं वर्गमूळ, म्हणजे १० गुणिले (१ + ०.०१) चं वर्गमूळ. पहिली दोनच पदं घेतली तर १०.०५ मीटर, चूक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. तिसरं पद घेतलं की १०.०४९८७५. चौथं घेतलं की १०.०४९८७५६२५, आणि आता चूक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी!

अट एकच: क्ष, चिन्ह सोडून, एकापेक्षा लहान हवा. १०१ मधून १०० बाहेर काढले ते त्यासाठीच. (१ + १००) असं मांडलं असतं तर पदं फुगत गेली असती आणि उत्तर हाती लागलं नसतं.

आता अर्ध्याऐवजी एक तृतीयांश घ्या आणि १००१ चं घनमूळ कागदावर काढून बघा. तीन पदं पुरतील.