बारा आकड्यांची ओळख

कुवेत हा अरबस्तानातील एक छोटा, वाळवंटी देश आहे. तेथे विमानतळाजवळ जलीब अल शुयूख नावाची दाट वस्ती आहे. निरनिराळ्या देशांतून कामासाठी आलेले हजारो लोक तेथे राहतात. त्यांत मराठी माणसेही आहेत. अशाच एका घरातील मुलीची ही हकिकत.

एका संध्याकाळी तिला ताप भरला. बाबा तिला घेऊन दवाखान्यात गेले. घाईत तिचे ओळखपत्र घरीच राहिले. बाबांनी तिचा नागरी क्रमांक आठवून आठवून सांगितला. कारकुनाने तो संगणकात भरला; पण संगणकाने तो घेतला नाही. "क्रमांक चुकला आहे," कारकून म्हणाले. बाबांनी घरी फोन केला. आईने ओळखपत्र पाहून क्रमांक वाचून दाखवला. बाबांकडून दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती!

ताप उतरल्यावर मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही चुकलात हे संगणकाला कसे कळले?"

बाबा हसले. त्यांनी ओळखपत्र तिच्यासमोर ठेवले. "यावर बारा आकडे आहेत. ते मनाला येतील तसे लिहिलेले नाहीत. प्रत्येकाला काम नेमून दिलेले आहे. पहिले सात आकडे वाच पाहू."

"तीन, एक, सहा, शून्य, पाच, शून्य, एक."

"तुझा वाढदिवस केव्हा असतो?"

"एक मे! महाराष्ट्र दिनाला! आणि साल २०१६."

"मग तोच येथे लिहिला आहे. पहिला ३ म्हणजे तू २००० सालानंतर जन्मलीस. १६ हे वर्ष, ०५ हा महिना आणि ०१ ही तारीख. माझा जन्म १९८४ सालचा; म्हणून माझा क्रमांक २ या आकड्याने सुरू होतो."

"पण त्या दिवशी जन्मलेली मुले पुष्कळ असतील!"

"म्हणून तर पुढचे चार आकडे आहेत. तो अनुक्रमांक. वर्गात प्रत्येकाचा हजेरी क्रमांक वेगळा असतो ना, तसाच. आता उरला शेवटचा, बारावा आकडा. तो आहे पहारेकरी!"

मुलांनो, हा पहारेकरी पहारा कसा करतो, ते एका लहान उदाहरणाने पाहू. समजा, आपला क्रमांक ३५२ आहे. पहिल्या आकड्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने आणि तिसऱ्याला ४ ने गुणायचे, असा नियम आपण ठरवू. ६, १५ आणि ८ हे गुणाकार आले. त्यांची बेरीज २९. तिला ११ ने भागले, की बाकी ७ उरते. ११ मधून ७ वजा केले, की ४ राहतात. हा ४ आपण शेवटी लिहू. पूर्ण क्रमांक झाला ३५२४.

आता कोणी चुकून ५३२४ असे लिहिले, तर? गुणाकार येतील १०, ९ आणि ८. बेरीज २७. बाकी ५. अकरातून पाच गेले, सहा राहिले. शेवटी ६ हवा होता. पण तेथे तर ४ आहे. चूक पकडली गेली!

कुवेतच्या नागरी क्रमांकातही पहिल्या अकरा आकड्यांचे गुणक असेच ठरलेले आहेत. संगणक हे गणित क्षणात करतो. हा पहारेकरी नसता, तर चुकीच्या क्रमांकाने एखादे वेळी दुसऱ्याच मुलाची नोंद उघडली असती. मग एकाचे औषध दुसऱ्याला मिळण्याचा धोका! कुवेतमध्ये या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना १९८२ साली झाली.

नाव असताना क्रमांक कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण एकाच नावाची माणसे अनेक असतात. शिवाय अरबी लिपीत 'प' हे अक्षर नाही. त्यामुळे 'पाटील' हे आडनाव तेथे 'बातील' असे लिहिले जाते. नावाचे रूप असे बदलते; क्रमांक मात्र बदलत नाही.

आपल्या देशात आधार क्रमांक आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. त्यातही बारा आकडे असतात आणि शेवटचा आकडा पहारेकरीच असतो. त्याचे गणित मात्र वेगळे आहे. व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ती रीत मांडली. आधार क्रमांकाच्या आकड्यांत जन्मतारीख नसते, गाव नसते, काहीच नसते. नुसता क्रमांक पाहून त्या माणसाचे वय कोणाला कळू नये, हा त्यामागचा विचार आहे.

एक क्रमांक जन्मतारीख सांगतो, दुसरा काहीच सांगत नाही. पण दोन्ही माणसाची ओळख जपतात. आपणही त्यांना जपले पाहिजे. आपला क्रमांक अनोळखी माणसाला सांगू नये. आणि कोठे लिहायचा झाला, तर एकेक आकडा पाहून नीट लिहावा. पहारेकरी जागा असला, तरी घरच्यांनीही सावध असावे!

करून पाहा : वरील नियम वापरून ४१६ या क्रमांकाचा पहारेकरी आकडा शोधा. मग पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल करा आणि चूक पकडली जाते का, ते पाहा.