मूत्रपिंड ओटीपोटात असले, तरी गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होते

चेन्नईत १९५४मध्ये अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट उभारणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण गुदाशयाच्या कॅन्सरने गेली होती. आज हा रोग वेळीच सापडला तर पूर्ण बरा होऊ शकतो. तरीही स्कॅनमध्ये ‘एक मूत्रपिंड जन्मतःच ओटीपोटात’ असे दिसले, की घरचे धरून चालतात: आता ऑपरेशन होणार नाही, किंवा मूत्रपिंडही काढावे लागेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. मूत्रपिंडे गर्भात ओटीपोटातच तयार होतात आणि नवव्या आठवड्याच्या सुमारास वर पोहोचतात. दोन-तीन हजारांत एखाद्याचे खालीच राहते. सुमारे पाचशेत एकाची दोन्ही मूत्रपिंडे घोड्याच्या नालेसारखी जोडलेली असतात. जागा वेगळी असली तरी अशी मूत्रपिंडे बहुधा आपले काम करत असतात. धडधाकट मूत्रपिंड काढण्याचे कारण उरत नाही.

‘मग ऑपरेशन अवघड का म्हणतात?’ हा रास्त प्रश्न आहे. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुदाशय भोवतीच्या चरबीसह, तिच्यावरचे पातळ आवरण न फाडता काढतात. खाली राहिलेले मूत्रपिंड या आवरणाबाहेर असते, पण त्याच्या रक्तवाहिन्या एकाहून अधिक आणि भलत्याच ठिकाणाहून निघालेल्या असू शकतात. मूत्रवाहिनीही नेहमीच्या वाटेने जात नाही. धोका आहे तो नकळत त्यांना इजा होण्याचा. रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन आधीच नीट वाचला, तर हा धोका बराच टळतो. पोट उघडूनच करावे असेही नाही; अशा रुग्णांत दुर्बिणीतून ऑपरेशने झालेली आहेत.

खरी अडचण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, ती रेडिएशनची. ऑपरेशनआधी ओटीपोटाला अनेकदा सुमारे ४५ ते ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा देतात. पूर्ण मूत्रपिंडाला साधारण २० ग्रेही जड जाते. म्हणून काहींना आधी फक्त किमोथेरपी देता येते, काहींत किरणांची दिशा आणि मात्रा बदलून मूत्रपिंड वाचवतात. चेन्नईत २०१९पासून प्रोटॉन किरणांचे उपचारही आहेत, पण ते प्रत्येकाला लागतात असे नाही. दुसरे मूत्रपिंड किती काम करते, यावरही निर्णय ठरतो. तेव्हा ‘ऑपरेशन होईल का’ याआधी डॉक्टरांना विचारावे: रक्तवाहिन्यांचा स्कॅन पाहिला का, आणि रेडिएशनचे काय ठरले?