दाताची कॅप आणि समोरचा दात

झिर्कोनियाची कॅप पोर्सेलिनपेक्षा सुमारे १० पट मजबूत असते. मग ती समोरचा दात झिजवणार, अशी भीती पुष्कळांना वाटते. परंतु दात झिजतो तो कॅपच्या कडकपणापेक्षा खरखरीतपणामुळे. नीट पॉलिश केलेली झिर्कोनियाची कॅप समोरच्या दाताला पोर्सेलिनपेक्षाही कमी झिजवते. खरी गोम पुढेच आहे. बसवताना कॅप उंच लागली की दंतवैद्य ती घासतात. तो भाग तसाच राहिला, तर कानशीचे काम करतो. म्हणून पुन्हा पॉलिश करून घ्यावे. वरून दिलेल्या चकाकीवर भुलू नये, ती चावून चावून उडते. पोर्सेलिन दाब सोसते, ताण नाही. दातांनी सुपारी फोडणाऱ्यांच्या (आपल्याकडे असे शूर कमी नाहीत!) कॅपचा टवका त्यामुळेच उडतो. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास कॅप बसवण्यापूर्वीच दंतवैद्यांना सांगावे.