मळ्यातली भरीत पार्टी
चाळीसगावसह खानदेशात थंडी पडली की शेजारी-आप्त एखाद्याच्या मळ्यात जमून भरीत पार्टी करतात, आणि तिच्यासाठीच्या मोठ्या, हिरवट वांग्यांना ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. ही वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजतात (त्या धुराची सर गॅसला येत नाही), मग बडगी या लाकडी भांड्यात ठेचून, हिरवी मिरची, लसूण व कांद्याची पात घालून, ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाच्या म्हणजेच कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. ग्रीसच्या ताव्हेर्नांत, म्हणजे साध्या खाणावळींत, मिळणारे ‘मेलित्झानोसालाता’ हेही भाजलेल्या वांग्याचेच, मात्र त्यात ऑलिव्ह तेल आणि लिंबू असते.