नवतपातला कार्बोरेटर

डिसेंबरच्या पहाटे टकाटक पळणारी जुनी आरएक्स १०० नवतपातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी रामटेककडच्या एखाद्या पांदणीत शिरली की गुरगुरते, चढावर दम टाकते. मालक पेट्रोलपंपाच्या नावानं बोटं मोडतो. खरं कारण बहुतेकदा हवेत असतं.

इंजिन हवा ओढतं. कार्बोरेटरच्या अरुंद नळीतून जाताना ती वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचलं जातं. भोक मात्र तेवढंच राहतं. १० अंशांची सकाळ आणि ४५ अंशांची दुपार यांत हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी घटते. पेट्रोलची ओढही घटते, पण साधारण निम्मीच. म्हणून मिश्रण पाच-सहा टक्के रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. नागपूर ३१० मीटर उंचीवर. इथून चिखलदऱ्याला, १,१०० मीटरवर गेलात तरी हवा याहून थोडी कमीच विरळ होते. थोडक्यात, घाट न चढताच आपली गाडी दर उन्हाळ्यात चिखलदरा करून येते. (एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्या हा हिशेब स्वतःच करतात.)

पेचकस उचलण्याआधी एअर फिल्टर काढा. पांदणीतल्या धुळीनं फोम तुंबला की गाडी रिचच चालते, आणि लोक उगाच जेट बदलत बसतात. फोम रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, तेलाचा हात द्या.

तरीही गुरगुर राहिली तर ती मूठ किती पिळल्यावर होते ते पाहा. अॅक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा, शेजारी हँडलवर एक रेघ. मूठ बंदच्या आसपास असताना गाडी अडखळली तर पायलट जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण मुठीत कार्बोरेटरमधली सुई. त्यापुढे मेन जेट. पांदणीत मूठ बहुतेक वेळ पाव-अर्ध्यातच असते, म्हणून सुई महत्त्वाची. तिची क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी.

एअर स्क्रू गरम इंजिनवरच फिरवा. आधी हलक्या हातानं पूर्ण बंद. जोर केलात तर टोक खराब झालंच म्हणून समजा. मग दीड आटा उघडा आणि तिथून पाव-पाव आटा मागेपुढे करत स्लो सर्वांत चढा कुठे होतो ते ऐका. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर उघडल्यानं लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलट.

शेवटी दोन-तीन किलोमीटर दामटून, चावी बंद करत क्लच दाबा आणि प्लग काढा. काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, चहाचा रंग म्हणजे जमलं.

क्लिपची मूळ खाच वहीत लिहून ठेवा आणि दिवाळीला ती परत तिथेच लावा. थंड, दाट हवेत उन्हाळ्याचंच सेटिंग राहिलं तर टू-स्ट्रोक लीन चालते, तापते आणि पिस्टन धरते.